कुर्सीनाम्याबाहेरचा वारसा

मराठी मुलखात कुळाची कागदोपत्री ओळख ठेवण्याचे जे साधन वतनदारीच्या काळापासून चालत आले, त्यास कुर्सीनामा म्हणतात. आणि जमिनीला भाव आला की घरोघरच्या पेट्यांतून हा कागद पुन्हा बाहेर निघतो, हे मोशीसारख्या गावाने गेल्या दोन-तीन दशकांत पुरेपूर अनुभवले आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी, नागेश्वर महाराजांना ग्रामदैवत मानून वसलेले हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले, एका अंगाला भोसरीची आणि दुसऱ्या अंगाला चाकणची कारखानदारी वाढत गेली, वावरांचे गुंठे पडले, आणि वारसनोंदींचे, फेरफारांचे व हक्कसोडपत्रांचे जे व्यवहार सुरू झाले त्यांत आजोबा-पणजोबांची नावे पुन्हा एकदा क्रमाने लिहिली गेली. जुना कुर्सीनामा काळजीपूर्वक वाचणाऱ्यास एक गोष्ट लगेच दिसते. मुलाच्या नावाखाली त्याच्या मुलांच्या रेघा उतरत जातात. मुलीचे नाव असलेच तर तिथे रेघ थांबते, आणि पुष्कळदा तिचे नावच नसते. तो कागद जमिनीच्या वारशाचा होता व जमीन ज्या वाटेने जात असे तेवढीच वाट त्याने नोंदवली, त्यामुळे त्यास बोल लावण्याचे कारण नाही. परंतु माणसाच्या देहाचा जो वारसा आहे त्याने ही वाट कधीच मानलेली नाही. तो मुलाकडे जसा जातो तसाच मुलीकडे जातो, तिच्याबरोबर दुसऱ्या घरात, दुसऱ्या आडनावात आणि दुसऱ्या जिल्ह्यात जातो, आणि त्याच्यापुरते हक्कसोडपत्र लिहून देण्याची सोय कोणत्याही दप्तरात नाही.

मूत्रपिंडाचे जे रोग आईबापांकडून अपत्यांकडे उतरतात त्यांचे संशोधन म्हणजे, थोडक्यात सांगायचे तर, या दुसऱ्या कुर्सीनाम्याचे वाचन होय. आपल्या कमरेच्या वरच्या बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोहों अंगांस असलेल्या या दोन अवयवांपैकी प्रत्येकात सुमारे दहा लक्ष नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्यातून रक्तातील पाणी व क्षार गाळले जातात, आणि पुढच्या लांबलचक नलिकेत त्यांतील उपयुक्त भाग परत घेतला जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जाऊन शेवटी दीड-दोन लिटर लघवी होते, यावरून या परत घेण्याच्या कामाचे प्रमाण ध्यानी येईल. गुच्छातील पडदा, त्या पडद्याला बिलगलेल्या पेशी, नलिकेतील असंख्य पंप आणि वाहिन्या, या प्रत्येकाची घडण कोणत्या ना कोणत्या जनुकात लिहिलेली आहे. आणि म्हणून जनुकाच्या एका अक्षराची चूक कोठे घडली त्यावर रोगाचे रूप, त्याचे वय आणि त्याची तीव्रता अवलंबून राहते. मूत्रपिंडाचा एकच एक आनुवंशिक रोग नाही. आजवर ओळखलेल्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. पैकी सर्वांत अधिक आढळणारा, आणि ज्याच्या शोधाची कथा सर्वांत बोधप्रद आहे असा रोग म्हणजे बहुपुटी मूत्रपिंडाचा. यात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या पुटी, दवाखान्याच्या भाषेत सिस्ट, लहानपणापासूनच हळूहळू वाढत जातात आणि चाळिशी-पन्नाशीपर्यंत मूळ अवयव ओळखू येऊ नये इतका फुगतो.

पोलंडचा राजा स्तेफान बाथोरी १५८६ साली मरण पावला तेव्हा त्याचे शवविच्छेदन करणाऱ्या शल्यविशारदाने त्याची मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी व खडबडीत असल्याचे नमूद करून ठेवले, आणि या रोगाचे ते बहुधा सर्वांत जुने वर्णन मानले जाते. फ्रेंच वैद्य फेलिक्स लेजार्स याने १८८८ साली त्यास आजचे नाव दिले. पण हा रोग घराण्यांतून कसा उतरतो याचा निर्णय व्हायला १९५७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डेन्मार्कच्या डालगार्ड या वैद्याने २८४ रुग्ण आणि त्यांची कुटुंबे यांच्या पाठपुराव्यावर आधारलेला प्रबंध प्रसिद्ध केला. रुग्णाचा भाऊ, बहीण, आई, बाप, आजा, मावशी, चुलता, कोण कशाने आणि कितव्या वर्षी गेले, याची तपशीलवार चौकशी करून त्याने दाखवून दिले की रोगी आई किंवा बाप यांच्या प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, हा रोग मिळण्याची शक्यता निम्मी असते. सूक्ष्मदर्शकापेक्षा किंवा रसायनशाळेपेक्षा इथे कामी आली ती माणसांची स्मृती आणि चर्चच्या व नगरपालिकांच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या. आणि त्या नोंदींत लेकींची रेघ तोडलेली नव्हती.

जनुकाचा ठावठिकाणा मात्र एका भलत्याच रोगाच्या निमित्ताने लागला. थॅलॅसेमिया हे नाव पिंपरीतील पुष्कळ कुटुंबांस, विशेषतः फाळणीनंतर तेथे आलेल्या सिंधी वसाहतीस, दुर्दैवाने परिचित आहे. त्या रोगाच्या एका प्रकाराचा अभ्यास करणाऱ्या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांना सोळाव्या गुणसूत्राच्या टोकाशी, रक्तातील अल्फा ग्लोबिनच्या जनुकाशेजारी, माणसागणिक बदलणारा असा एक पट्टा सापडला होता. स्टीफन रीडर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बहुपुटी रोगाच्या कुटुंबांत तो पट्टा तपासला तेव्हा पट्ट्याचे ठरावीक रूप आणि रोग हे दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या हातात हात घालून चालताना दिसले. १९८५ साली हे प्रसिद्ध झाले. मोहल्ला कळला, घर कळायला आणखी नऊ वर्षे लागली.

त्या नऊ वर्षांच्या शेवटी मदतीला आले ते एक पोर्तुगीज कुटुंब. त्यातील आई आणि मुलगी यांना बहुपुटी रोग होता, तर मुलाला ट्यूबरस स्क्लेरोसिस हा सर्वस्वी निराळा वाटणारा आनुवंशिक रोग होता. एका घरात दोन दुर्मिळ रोग का असावेत, या प्रश्नाशी शास्त्रज्ञ थांबले नसते तर ही कथा कदाचित आणखी लांबली असती. आई व मुलगी यांच्या सोळाव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून परस्परांत अदलाबदल झाले होते, आणि मुलाच्या वाट्याला सोळाव्या गुणसूत्राच्या एका प्रतीचे टोकच आले नव्हते. तेव्हा मायलेकींचे गुणसूत्र जेथे तुटले होते तेथेच रोगाचे जनुक असणार, असे अनुमान निघाले व ते खरे ठरले. १९९४ साली पीकेडी-१ या जनुकाचा शोध जाहीर झाला.

१९९४ हे साल आपल्या दृष्टीनेही विलक्षण आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, केंद्राने तोच निर्णय सबंध देशासाठी घेतला त्याच्या अकरा वर्षे आधी. आणि त्याच वर्षी संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संमत केला, जो महाराष्ट्रात पुढील वर्षी अमलात आला. पहिल्या कायद्याने कुर्सीनाम्यातील लेकीची रेघ पुढे सरकवली, आणि दुसऱ्याने जिवंतपणी मूत्रपिंड कोणी कोणास द्यावे याची नातेवार यादी आखली. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे. या यादीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल, कारण रोगाचा वारसा आणि दात्यांची यादी ही पती-पत्नीचे नाते वगळता एकाच रक्ताची आहे.

पीकेडी-१ सापडले तरी ते वाचणे सोपे नव्हते. त्यात ४६ खंड आहेत, त्याच्यापासून होणारे पॉलिसिस्टिन हे प्रथिन चार हजारांहून अधिक घटकांचे आहे, आणि शिवाय याच गुणसूत्रावर त्याच्या मोठ्या भागाच्या जवळजवळ हुबेहूब अशा सहा निकामी प्रती पडून आहेत, त्यामुळे चूक खऱ्या जनुकात आहे की नकलेत, हे ठरविण्यास आजही विशेष पद्धती योजाव्या लागतात. १९९६ साली चौथ्या गुणसूत्रावर पीकेडी-२ हे दुसरे जनुक सापडले. बहुपुटी रोगाच्या चार कुटुंबांपैकी तिहींत पहिल्या जनुकाची चूक असते, उरलेल्यांपैकी बहुतेकांत दुसऱ्याची. हा केवळ नावाचा भेद नव्हे. पहिल्या प्रकारात मूत्रपिंडे सरासरीने पन्नाशीच्या मध्यात निकामी होतात, दुसऱ्यात ती पुष्कळदा सत्तरीपर्यंत साथ देतात; म्हणजे एकाचा रोग ऐन कर्तेपणी, मुलींची लग्ने व्हायची असताना, त्यास डायलिसिसवर आणतो, आणि दुसऱ्याचा त्यास निवृत्तीनंतरही दहा-पंधरा वर्षे वावरू देतो.

पॉलिसिस्टिन करते तरी काय, या प्रश्नाच्या उत्तराकडे ज्या मार्गाने शास्त्र गेले तो मार्ग मला या सबंध विषयात सर्वाधिक मोहक वाटतो. १८९८ साली झिमरमन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने सशाच्या मूत्रनलिकेतील प्रत्येक पेशीवर एकेक केसाळ तंतू पाहिला होता आणि त्याचा उपयोग काही संवेदनेचा असावा असा तर्कही केला होता. पण त्यानंतर शतकभर या तंतूस निरुपयोगी अवशेष समजून कोणी विचारले नाही. १९९९ साली मातीत राहणाऱ्या जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीच्या अभ्यासात असे दिसले की, ज्या नर कृमींना जोडीदार ओळखता येत नाही त्यांच्यातील बिघडलेले जनुक माणसाच्या पीकेडी-१ चे भाईबंद आहे, आणि त्याचे प्रथिन कृमीच्या संवेदक तंतूंवर बसलेले आहे. पुढच्याच वर्षी साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्लॅमिडोमोनास या एकपेशी शैवालाच्या शेपटीचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले की, त्या शेपटीची बांधणी करणारे एक प्रथिन आणि पुटींनी भरलेल्या मूत्रपिंडांच्या एका जातीच्या उंदरात बिघडलेले प्रथिन हे एकच आहे. कृमी, शैवाल, उंदीर आणि माणूस या चौघांच्या साक्षी एकत्र आल्या तेव्हा शंभर वर्षे दुर्लक्षिलेला तो तंतू प्रकरणाच्या मध्यभागी येऊन उभा राहिला. नलिकेतून वाहणाऱ्या मूत्राच्या प्रवाहाची व भोवतालच्या रसायनांची जाणीव हा तंतू पेशीस करून देतो, आणि पॉलिसिस्टिने त्याच्या कामात भाग घेतात, असे आज मानले जाते. ही वार्ता पोचली नाही की पेशी आपली वाढ आवरत नाही, नलिकेत द्रव साचतो, भिंत फुगते, आणि पुटी तयार होते. ज्यांना निव्वळ उपयोगाच्या संशोधनासच पैसा द्यावासा वाटतो त्यांनी डबक्यातील शैवालाची ही साक्ष अवश्य लक्षात ठेवावी.

रोगी माणसाच्या प्रत्येक पेशीत जनुकाची चूक जन्मतःच असते, तरी पुटी मात्र हजारांतून एखाद्या नलिकेतच का होते, याचेही उत्तर १९९६ साली मिळाले. जनुकाच्या दोन प्रती असतात. एक रोगी आईकडून वा बापाकडून बिघडलेली येते, दुसरी शाबूत असते, आणि आयुष्यात पुढे एखाद्या पेशीत ती दुसरीही दैवयोगाने बिघडली की त्या पेशीच्या वंशातून पुटी वाढू लागते. यामुळेही सख्ख्या भावाभावांत एकच चूक असूनही एकाचा रोग लवकर आणि दुसऱ्याचा उशिरा प्रकट होतो. घरात याचा अर्थ बहुधा पथ्यापाण्यावर, क्वचित कोणाच्या पापपुण्यावर लावला जातो, आणि ज्याचा रोग लवकर आला त्यास दुखण्यावर आणखी दोषही सोसावा लागतो. हे अत्यंत अन्यायाचे आहे.

आता लेकींच्या वाटेने येणाऱ्या रोगाकडे वळू. लंडनच्या एका कुटुंबात अनेकांच्या लघवीतून रक्त जाते, हे गथ्री या वैद्याने १९०२ साली नोंदले होते. त्याच कुटुंबाच्या पुढच्या पिढ्या पाहून १९२७ साली सेसिल आल्पोर्ट याने दाखवून दिले की, त्यातील पुरुष लहान वयात मरतात, स्त्रिया मात्र म्हाताऱ्या होतात, शिवाय बहिरेपणाही येतो व दोन्ही लक्षणे एकाच रोगाची आहेत. आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. गुच्छातील पडदा ज्या चौथ्या प्रकारच्या कोलॅजनने विणलेला असतो तेच कोलॅजन अंतःकर्णात व डोळ्यातही असते, म्हणून मूत्रपिंड आणि कान यांचे दुखणे एकत्र येते. त्याचे सीओएल-४-ए-५ हे जनुक १९९० साली क्ष गुणसूत्रावर सापडले आणि आल्पोर्टच्या निरीक्षणाचा उलगडा झाला. पुरुषास क्ष गुणसूत्र एकच असते व ते आईकडून मिळते, म्हणून त्यातील चूक झाकायला दुसरी प्रत नसते. स्त्रीस दोन असतात. रोगी पुरुष हा रोग आपल्या मुलास कधीच देत नाही, पण प्रत्येक मुलीस मात्र देतो. कुर्सीनामा पाहणाऱ्यास इथे काही म्हणजे काहीच दिसणार नाही. या रोगाचा शोध घेणाऱ्या वैद्याने विचारायचा प्रश्न ‘तुमचे चुलते कशाने गेले’ हा नसून ‘तुमचे मामा कशाने गेले, आणि त्यांना ऐकू नीट येत होते काय’ हा आहे.

मामाचे नाव निघाले म्हणजे महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट ओघानेच येते. डेक्कन कॉलेजात आयुष्य वेचलेल्या इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात दाखवून दिले आहे की, उत्तरेची सोयरीक आणि दक्षिणेची सोयरीक यांच्या सीमेवर महाराष्ट्र उभा आहे, आणि येथील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आत्याची मुलगी करण्याची मात्र तितकीशी नाही. आता आल्पोर्टच्या रोगाचे गणित या चालीला लावून पाहावे. आजीकडून चूक मामाकडे आणि आईकडे आली. आईकडून ती भाच्याकडे आली. मामाकडून ती त्याच्या मुलीकडे निश्चित आली. या दोघांचे लग्न झाले तर होणाऱ्या मुलींपैकी निम्म्यांना दोन्ही बाजूंनी चूक मिळेल, आणि पुरुषांइतकाच तीव्र रोग त्यांना होईल. ज्या रोगाविषयी ‘बायकांना तो होत नाही’ असे घरात म्हटले जाते त्याने सून आणि नात एकाच वेळी घेरली जाते. या चालीची मी निंदा करीत नाही. तिच्यामागे जमीन, जिव्हाळा आणि लेकीची काळजी अशी सबळ कारणे होती. ज्या घरात असा रोग आहे त्या घराला हे गणित ठाऊक असावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

क्ष गुणसूत्रावर नसलेल्या, परंतु दोन्ही प्रती बिघडल्यावाचून न होणाऱ्या अप्रभावी रोगांनाही ही चाल अनुकूल पडते, कारण सख्ख्या आतेमामे भावंडांत जनुकांचा सरासरीने एक अष्टमांश भाग समाईक असतो. या तत्त्वाचे एक प्रख्यात उदाहरण मुंबईतच सापडले. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला, तो आई आणि बाप या दोघांकडूनही एकच दुर्मिळ प्रत मिळाल्याशिवाय संभवत नाही. मूत्रपिंडाच्या अप्रभावी रोगांत बालकांचा बहुपुटी रोग येतो, ज्याचे जनुक २००२ साली सापडले. औषधाला दाद न देणारी बालकांची अंगावरील सूज येते, जिच्या मुळाशी असलेली नेफ्रिन आणि पोडोसिन ही प्रथिने अनुक्रमे १९९८ व २००० साली कळली. आणि वारंवार मुतखडे करणारा प्राथमिक ऑक्झॅल्यूरिया येतो. सुजेच्या रोगात जनुकाची चूक सापडली तर मुलाला स्टेरॉइडच्या गोळ्यांचा मारा करण्यात अर्थ राहत नाही, कारण त्यांचा उपयोग होण्याचा संभव फार थोडा असतो. आणि ऑक्झॅल्यूरियात तर मूळ दोष मूत्रपिंडात नसतोच. तो यकृतातील एका विकरात असतो. हे न ओळखता केवळ मूत्रपिंड बसविले तर नवे मूत्रपिंडही त्याच खड्यांनी जाते. आईने मुलाला दिलेले मूत्रपिंड दोन-तीन वर्षांत नष्ट व्हावे आणि त्यानंतर कारण कळावे, याहून दुःखदायक दुसरे काय असेल?

मोशीची आजची वस्ती मूळच्या गावकऱ्यांची राहिलेली नाही. बोऱ्हाडेवाडीपासून देहू-आळंदी रस्त्यापर्यंत उठलेल्या गृहसंकुलांत आणि भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि त्याही पलीकडून आलेली कुटुंबे राहतात. ती भोसरीत, चाकणात, तळवड्यात काम करतात. येताना त्यांनी आधारकार्ड व शाळेचा दाखला आणला. ‘तुझ्या आजीचा भाऊही असाच पाय सुजून गेला’ हे सांगणारी म्हातारी मात्र गावीच राहिली. तिशीतील कामगाराचा रक्तदाब कारखान्याच्या वार्षिक तपासणीत चढलेला आढळतो. पाळीचे काम, झोपेची ओढाताण आणि वडापावचे जेवण यांच्यावर त्याचे खापर फुटते, एक गोळी सुरू होते, आणि लघवीची तपासणी व सोनोग्राफी राहून जाते. बहुपुटी रोगाची पहिली खूण पुष्कळदा हाच अकाली वाढलेला रक्तदाब असते. भारताच्या मूत्रपिंडविकार नोंदवहीत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार पन्नास हजारांहून अधिक रुग्णांपैकी ३१ टक्क्यांचे कारण मधुमेह होते, तर १६ टक्क्यांचे कारण ठरवताच आले नव्हते. या ‘अज्ञात’ रकान्यात काय दडले असावे याचा अंदाज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांच्या २०१९ च्या अभ्यासावरून येतो. त्यांनी ३,३१५ रुग्णांची जनुके वाचली, तेव्हा सुमारे ९ टक्क्यांत एखाद्या जनुकाचा स्पष्ट दोष सापडला. आणि ज्यांचे कारण आधी अज्ञात होते त्यांच्यात हेच प्रमाण १७ टक्के भरले. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येणार नाही, परंतु रकाना उघडून पाहण्यासारखा आहे एवढे त्यातून निश्चित कळते.

उघडून पाहण्यात आजवर मोठी अडचण होती ती तुलनेची. एखाद्या रुग्णाच्या जनुकात निराळे अक्षर दिसले, तर ते रोगाचे कारण आहे की त्याच्या समाजात सहज आढळणारा निरुपद्रवी फरक आहे, हे ठरवायला त्याच समाजातील निरोगी माणसांची जनुके वाचलेली असावी लागतात. आणि जगातील संग्रहांत युरोपीय वंशाच्या माणसांचीच भरती होती. जातीजातींत विभागलेल्या आणि शेकडो वर्षे आपापल्यातच सोयरीक करणाऱ्या आपल्या देशात एका समाजाचा आकडा दुसऱ्याला लावणेही धोक्याचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाने वीस संस्थांनी मिळून दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचण्याचा जो जीनोम इंडिया प्रकल्प २०२० साली हाती घेतला, आणि ज्याची सामग्री जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली झाली, त्याचे महत्त्व यात आहे. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मारून परत आलेला एखादा अहवाल अशा संग्रहाच्या आधारे पुन्हा वाचता येतो, आणि पुन्हा वाचलाच पाहिजे.

रोगाचे मूळ कळले म्हणून त्यावर उपाय हाती आला असे नाही; पण काहीच आले नाही असेही नाही. आल्पोर्टच्या रोगात रक्तदाबाची एक जुनी, स्वस्त गोळी लहान वयात सुरू केली तर डायलिसिसची वेळ बरीच वर्षे पुढे जाते. बहुपुटी रोगात टोलव्हॅप्टन हे औषध पुटींची वाढ मंदावते असे २०१२ च्या मोठ्या चाचणीत दिसले, आणि २०१४ साली जपानने व पुढे इतर देशांनी त्यास मान्यता दिली. पण ते घेणाऱ्यास दिवसभर अनेक लिटर पाणी प्यावे लागते, वरचेवर लघवीस जावे लागते आणि यकृताच्या तपासण्या नियमाने कराव्या लागतात. जोडणीच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या कामगारास हे औषध लिहून देताना वैद्याने त्याच्या पर्यवेक्षकाचाही विचार केला पाहिजे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात बहुपुटी रोगाचे दोन्ही प्रकार प्रत्यारोपणाने उपचार होणाऱ्या रोगांत गणले आहेत, आणि त्या धोरणाखालील केंद्रांपैकी एक मुंबईचे केईएम रुग्णालय आहे, हे मोशीच्या माणसास माहीत असणे इष्ट.

आणि आता दात्यांच्या यादीकडे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच अधिक आहे. आई देते, पत्नी देते, बहीण देते. पत्नीचे रक्त निराळे असते. पण बहुपुटी रोगाने आजारी पडलेल्या भावास मूत्रपिंड देऊ करणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या बहिणीला हाच रोग असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तिशीच्या आत सोनोग्राफी स्वच्छ निघाली तरी रोग नाही असे निर्धास्तपणे म्हणता येत नाही. ती खात्री चाळिशीनंतर येते. आल्पोर्टच्या घरातील आईला लघवीत अदृश्य रक्त जाण्यापलीकडे आयुष्यभर काही झालेले नसते, परंतु तिचा स्वतःचा पडदा कमजोर असतो व उतारवयात तिला दोन्ही मूत्रपिंडांची गरज पडू शकते. अशा वेळी आधी रुग्णाच्या जनुकातील चूक शोधावी, आणि मग नेमकी तीच चूक दात्यात आहे की नाही हे पाहावे, असा क्रम आहे. त्याने बहिणीचा होकार किंवा नकार भावनेवर न राहता वस्तुस्थितीवर येतो. आणि तिला रोग नाही असे ठरले तर ती जे देते ते निःशंक मनाने देते.

या तपासणीला घरे भितात, आणि त्यांची भीती खोटी नाही. मुलीचे लग्न मोडेल, कंत्राटावरची नोकरी जाईल, विमा कंपनी हरकत घेईल, ही भीती आहेच. म्हणून तपासणीआधी आनुवंशिकीच्या समुपदेशकाशी बोलणे, निकाल कोणास कळावा हे आधी ठरवणे, आणि ज्यास जाणून घ्यायचे नाही त्याचा तो हक्क मान्य करणे आवश्यक आहे. लहान मुलांची जनुकतपासणी लक्षणे नसताना केवळ आईबापांच्या उत्सुकतेपोटी करू नये, ती त्यांनी वयात आल्यावर स्वतः मागावी, असे बहुतेक जाणकारांचे मत आहे व ते मला योग्य वाटते. परंतु ज्या घरात रोग ठाऊक आहे त्या घरातील मुलाचा आणि मुलीचाही रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा, लघवी तपासावी, आल्पोर्टच्या घरात कानही तपासून घ्यावेत. त्यास ना महागड्या यंत्राची गरज आहे, ना कोणाच्या संमतीपत्राची. आणि दिवाळीला गावी गेल्यावर आजीजवळ बसून तिच्या भावांची, बहिणींची आणि त्या बहिणींच्या लेकरांची नावे, वये व दुखणी एका वहीत उतरवून घ्यावीत, लेकींच्या रेघा न तोडता.